मदत हवी आहे: पावसाळ्यात दोन कुत्र्यांसह व्हॅन कुठे लावावी? कोकण, घाटमाथा की देश?

नमस्कार मंडळी,

गेल्या दिवाळीपासून मी, नवरा आणि आमची दोन कुत्री असे चौघंही व्हॅनमध्येच राहतो आहोत. डोंबिवलीचं घर भाड्याने दिलंय. गाडी जुनी ट्रॅव्हलर आहे. आतल्या सीटा काढून पलंग, ओटा आणि पाण्याची टाकी बसवून घेतली आणि आरटीओत तशी रीतसर नोंदही केली. दिघीपासून सागरी रस्त्याने निघालो. वेसवी, दाभोळ, तवसाळ असं करत फेरीबोटीने खाड्या ओलांडल्या आणि वाटेत उकडायला लागलं की अधूनमधून घाट चढून वर जायचं, असं सहा महिने चाललंय. सध्या मुक्काम राजापूर तालुक्यात, आंबोळगडाच्या अलीकडे, एका बागायतदार काकांच्या कलमांत आहे. आंबा संपत आलाय आणि मृग लागायला जेमतेम तीन आठवडे उरलेत. पुढचे चार महिने कुठे काढायचे, हे अजून ठरत नाहीये.

आधी कुत्र्यांबद्दल सांगते, कारण प्रश्न त्यांचाच आहे. ठमी अकरा वर्षांची, गावठी. मागचे पाय आखडतात, पण डोळे आणि भूक शाबूत. बाळ्या दोन वर्षांचा, लॅब्रॅडॉर मिश्र. त्याला कशाचंच काही वाटत नाही. समुद्रात, चिखलात, काट्यात, कुठेही घुसतो.

जानेवारीअखेर आंबा घाटाच्या माथ्यावर आठ दिवस राहिलो होतो. हवा छान होती, ठमी कधी नव्हे ती पळत होती. रोज संध्याकाळी दोघांच्या अंगावरून हात फिरवायचे, पण गोचिडी मला फक्त बाळ्याच्याच मानेवर दिसत होत्या. ठमीच्या पायाच्या बोटांमधली फट आणि कानाची आतली घडी मी नीट उघडून बघितलीच नाही. दोन आठवड्यांनी तिने जेवण सोडलं. तिसऱ्या दिवशी पहाटे तिच्या नाकाखाली चटईवर रुपयाएवढा ओला डाग दिसला. दिवा लावला तर रक्त. ओठ वर करून बघितला, हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या. रक्त तपासलं तेव्हा प्लेटलेट ४१ हजार निघाल्या. कुत्र्याला साधारण दोन लाखांच्या वर हव्यात. गोचीडताप, एर्लिकिया. डॉक्सीसायक्लिन २८ दिवस. डॉक्टरांनी बजावलं होतं की गोळी उपाशीपोटी द्यायची नाही आणि वरून पाणी पाजायचंच, नाहीतर ती घशात अडकून अन्ननलिकेला जखम करते. मी रोज भाताच्या गोळ्यात द्यायचे आणि मग पेज पाजायचे. ठमी वाचली. पण तेव्हापासून गवत दिसलं की माझ्या पोटात गोळा येतो.

आता उकाड्याचं. दुपारी बाहेर ३५-३६ अंश असतं आणि हवा इतकी दमट की दोरीवरचे कपडे दिवसभरात वाळत नाहीत. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. ते धापा टाकून, जिभेवरचं पाणी उडवून गार होतं. हवेतच पाणी भरलेलं असेल तर ते उडणार कसं? म्हणून इथली ३५ डिग्री ठमीला देशावरच्या चाळीसपेक्षा जड जाते, असं मी रोज बघते आहे. छतावर बारा व्होल्टचा पंखा आहे, सोलर पॅनेल आहे, बॅटरी दोनशे अँपिअर-अवरची. पंखा रात्रभर चालतो. एसी मात्र फक्त बाहेरून वीज जोडली तरच. आणि पावसाळ्यात ढगांखाली सोलरवर भरवसा ठेवता येणार नाही, हे उघड आहे. (गाडी बंद करून कुत्र्यांना आत ठेवून आम्ही दोघंही कधीच जात नाही. दहा मिनिटांत आतलं तापमान दहा-अकरा अंशांनी चढतं. एकाने बाजार करायचा, एकाने गाडीपाशी थांबायचं.)

माझ्या मनात तीन पर्याय आहेत.

इथेच राहायचं. काका म्हणतात, आंब्याच्या पेट्या गेल्या की मांगर (बागेतली आंब्याची शेड) रिकामा होईल, गाडी सरळ आत लावा. वर पत्रा आहे, विजेचा प्लग आहे. फारच मायेने म्हणताहेत. पण लेप्टोची (उंदरांच्या मुतातून होणारा लेप्टोस्पायरोसिस) भीती वाटते आणि रक्त तपासणारा डॉक्टर दीड तासावर आहे.

दुसरं, घाटमाथा. गगनबावडा किंवा आंबोली. थंड खरं, पण आंबोलीला वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. ठमीच्या पायांचं काय होईल? जळवा, गोचिडी आहेतच. आणि बिबट्या. आंब्याला होतो तेव्हा शेजारच्या वाडीतला कुत्रा पडवीतून उचलला होता. सकाळी साखळीचा तुटका तुकडा तेवढा खांबाला होता. त्यानंतर आमची दोघं अंधार पडायच्या आत गाडीत असतात, लघवीलासुद्धा मी टॉर्च घेऊन सोबत उतरते.

तिसरं, देशावर उतरायचं. वाई, कराड, तो पट्टा. तिथली काहीच माहिती नाही.

एक विनंती. ठमीला चार महिने कुणाकडे ठेवा, बोर्डिंगमध्ये सोडा, असं कृपया सुचवू नका. नातेवाइकांनी सुचवून झालंय. तिच्या आयुष्यात आता किती पावसाळे आहेत मला माहीत नाही. जे आहेत ते ती आमच्याजवळ काढेल.

ज्यांनी पावसाळा कुत्र्यांसह कोकणात किंवा घाटावर काढलाय त्यांनी सांगा, तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतंत?

---

प्रतिसाद: कातळवाट

ताई, मी राजापूरचाच. मांगरात गाडी लावायची तर आधी आढीचं (आंबे पिकत घालायचं) गवत आणि सडके आंबे पूर्ण बाहेर काढायला लावा, अगदी कोपऱ्यातलेसुद्धा. उंदीर त्याच्यासाठीच येतात आणि पाऊस लागला की बाहेरचेही आत शिरतात. उंदराचं मूत साठल्या पाण्यात गेलं की तिथूनच लेप्टो. जमीन मातीची आहे की कोबा? माती असेल तर चिरे टाकून घ्या. चिऱ्यांच्या फटीत फुरसं (विषारी साप) बसतं, आमच्या सड्यावर ते फार. म्हणून रात्री बाळ्याला मोकळा सोडू नका आणि चिऱ्यांत नाक घालू देऊ नका.

नारळाखाली गाडी नको, हे सांगायला नको. वहाळ (ओढा) किती लांब आहे तेवढं मात्र बघा. आता कोरडा दिसेल, जुलैत ओळखू येणार नाही.

आणि लाइट. तुमचा एसी त्याच्यावर असेल तर विसरा. वारा सुटला की दोन-दोन दिवस नसते.

---

प्रतिसाद: जनावरांचा डॉक्टर

लेप्टोची लस दोघांना आधी कधी दिली आहे का? नसेल तर पहिल्या वेळी दोन डोस लागतात, मध्ये तीन ते चार आठवडे. तुमच्याकडे नेमके तीनच आठवडे आहेत, त्यामुळे बाळ्याला या आठवड्यातच सुरुवात करा. पुढे दर वर्षी. ठमीच्या बाबतीत घाई नको. आधी प्लेटलेट आणि किडनीची तपासणी पुन्हा करा, मग तिच्या डॉक्टरांना ठरवू दे. एर्लिकिया काही कुत्र्यांत अंगात दबा धरून राहतो, जनावर वरून ठणठणीत दिसतं.

गोचिडीसाठी फक्त हात फिरवण्यावर अवलंबून राहू नका. तोंडावाटे द्यायची गोळी मिळते, फ्लुरालेनर साधारण बारा आठवडे, अफॉक्सोलेनर महिनाभर. मात्र आधी कधी फिट आली असेल तर डॉक्टरांना सांगितल्याशिवाय द्यायची नाही. गोचीड ओढताना चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. रॉकेल, तेल, काडी यांतलं काही लावू नका.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. माझी ठमी असती तर मी देशावर गेलो असतो. अकरा वर्षांच्या आखडलेल्या पायांना चार महिन्यांची ओल झेपत नाही.

---

प्रतिसाद: घाटवाट

देशावर जायचं ठरलं तर मे संपायच्या आत चढा. जुलैत दरड कोसळून रस्ता बंद झाला की ना इकडे ना तिकडे. २०२१ चा जुलै आठवा, तळिये, चिपळूण. एवढं वजन घेऊन चढताना इंजिन तापतं, तेव्हा पहाटे निघा. दर दहा-बारा किलोमीटरवर थांबलात तर कुत्र्यांनाही बरं. पुन्हा कधी घाट उतराल तेव्हा ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, ब्रेकवर पाय ठेवून नव्हे. ब्रेक तापला की पाय खाली जातो आणि गाडी थांबत नाही.

जागेचं म्हणाल तर डोंगराच्या पूर्वेला थोडं सरकलं तरी पाऊस किती उतरतो ते बघा. महाबळेश्वरहून पाचगणी वीस किलोमीटर, पण तिथे पाऊस एक तृतीयांशाच्या आसपास येतो. वाईला आणखी कमी. तिथे हवा गार आणि जमीन कोरडी, दोन्ही मिळतं.

---

धागाकर्ती:

सगळ्यांचे मनापासून आभार. चार दिवसांनी लिहिते आहे कारण मध्ये रत्नागिरीला जाऊन आलो. ठमीच्या प्लेटलेट १ लाख ९० हजार आहेत, किडनी ठीक. डॉक्टर म्हणाले, तिची लस अजून पंधरा दिवसांनी बघू. बाळ्याला पहिला डोस दिला, गोचिडीची गोळी दोघांना.

कातळवाट दादा, तुम्ही म्हणालात म्हणून काकांबरोबर मांगरात बघायला गेले. आढीचं गवत उचललं तर खाली उंदरांची लेंडीच लेंडी. बाळ्या बाहेर उभा राहून भुंकत होता, आत यायला तयार नव्हता. काकांनी गड्यांना लावून दोन दिवसांत सगळं काढलं, पण मला तेवढ्यात कळलं.

आम्ही देशावर जातोय. २६ मेला पहाटे आंबा घाटाने. काकांना सांगितलं तेव्हा ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, दसऱ्याला या, मांगर तुमच्यासाठी मोकळा ठेवतो. ठमीच्या डोक्यावरून हात फिरवून गेले.

आता एकच अडलंय. वाई ते कराड पट्ट्यात कुणाचं अंगण, खळं, शेतघर असेल, जिथे जून ते सप्टेंबर गाडी लावता येईल, तर कृपया व्यक्तिगत निरोप (व्यनि) करा. गाडी वीस फूट लांब, नऊ फूट उंच. १६ अँपिअरचा प्लग आणि पिण्याचं पाणी हवं, भाडं आणि विजेचं बिल आम्ही देऊ. आसपास मोकळी कुत्री असली तरी चालेल, बाळ्या जुळवून घेतो. फक्त जमीन उताराची आणि कोरडी हवी, आणि ठमीला चढावी लागेल अशी पायरी नको.