अराफतच्या मैदानात थांबणे हाच हजचा गाभा का मानला जातो?

सातारकर (प्रश्न)

आमच्या शेजारचे काका-काकू यंदा हजला निघाले आहेत. मागच्या आठवड्यात ते घरी आले आणि उठताना काका हात जोडून म्हणाले, "इतक्या वर्षांत आमच्याकडून काही कमी-जास्त झाले असेल, तर माफ करा." या दोघांनी कुणाला दुखावल्याचे मला आठवत नाही, त्यामुळे आम्ही सगळेच अवघडलो. त्यानंतर या विषयावर थोडे वाचन केले. हज म्हणजे काबाला प्रदक्षिणा, अशी माझी समजूत होती. पण जिलहज या इस्लामी वर्षाच्या शेवटच्या महिन्याच्या ९ तारखेला जो अराफतला पोहोचला नाही त्याचा हजच होत नाही, मग त्याने काबाला कितीही फेऱ्या घातलेल्या असोत, असे वाचण्यात आले. जिथे दर्शन घ्यावे असे काहीच नाही, त्या उघड्या माळावर दुपारपासून सूर्यास्तापर्यंत थांबण्याला एवढे महत्त्व कशामुळे आले? तिथे माणूस नेमके काय करतो? आणि निघण्यापूर्वी मागितलेल्या त्या माफीचा याच्याशी काही संबंध आहे का? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

दापोलीकर

संबंध आहे, आणि तो फार जवळचा आहे. इस्लाममध्ये माणसाच्या डोक्यावर दोन प्रकारचे हक्क असतात: एक अल्लाहचा आणि दुसरा त्याच्या बंद्यांचा, म्हणजे इतर माणसांचा. नमाज किंवा रोजा चुकला, तर त्याची माफी अल्लाहकडे मागता येते. पण कुणाचे पैसे बुडवले, कुणाची बदनामी केली, कुणाची जमीन दाबली, तर ज्याचे नुकसान झाले त्यानेच आधी माफ करावे लागते. वाईट बोलणे आणि वाईट वागणे टाळून हज करणारा माणूस आईने त्याला जन्म दिला त्या दिवशी जसा होता तसा होऊन परततो, असे पैगंबरांचे वचन आहे. तरीही त्यामुळे दुसऱ्याचे देणे फिटत नाही, असेच आलिम (धर्मपंडित) सांगतात. म्हणून आमच्या कोकणात हजला निघणारा माणूस आधी उधारी चुकती करतो, बहिणीचा वाटा अडकून पडला असेल तर तो मोकळा करतो, मागे राहणाऱ्यांच्या खर्चाची तजवीज करतो आणि मग घरोघरी जाऊन माफी मागतो. ती निव्वळ औपचारिकता नसते. मनात खरोखर काही सल असेल, तर तो बोलून दाखवावा, अशीच मागणाऱ्याची अपेक्षा असते.

आता अराफत. मक्केपासून हे मैदान साधारण २० किलोमीटरवर आहे. "हज म्हणजे अरफा (अराफत)" असे पैगंबरांनी एका वाक्यात सांगून ठेवले आहे. काबाचा तवाफ (सात प्रदक्षिणा) आणि सफा-मरवा या दोन टेकड्यांमधील सई (सात खेपा) हे दोन्ही विधी उमरा या मक्केच्या छोट्या यात्रेतही असतात, आणि उमरा वर्षभरात केव्हाही करता येतो. अराफतचा मुक्काम मात्र हजशिवाय कुठेच नाही. हजच्या अनेक विधींत कसूर राहिली, तर कुर्बानी देऊन ती भरून काढता येते, आणि तवाफ-ए-जियारत, म्हणजे अराफतनंतरचा हजचा मुख्य तवाफ, उशिरानेही करता येतो. पण १० तारखेची पहाट उजाडेपर्यंत जो अराफतच्या हद्दीत क्षणभरही आला नाही, त्याचा त्या वर्षीचा हज गेला.

तिथे दर्शनाचे काहीच नाही, हे आपण लिहिलेत. माझ्या मते आपल्या प्रश्नाचे उत्तर त्यातच आहे. हजमध्ये इतर सगळीकडे शरीराला काही ना काही काम असते: सात फेरे घालायचे, सात खेपा करायच्या, खडे मारायचे, केस उतरवायचे. अराफतला जुहर (दुपारची) आणि असर (तिसऱ्या प्रहरची) या दोन नमाजा एकत्र झाल्या की ठरवून दिलेला एकही विधी उरत नाही. अंगावर दोन न शिवलेल्या चादरी, पुढे सगळी दुपार, आणि करायचे एवढेच की अल्लाहपुढे हात पसरून आपल्या आयुष्याबद्दल बोलायचे. कामात गुंतून स्वतःपासून लपण्याची सोय तिथे नाही. आयुष्यभर पाठ केलेल्या अरबी दुआ (प्रार्थना) पहिल्या तासाभरात म्हणून होतात, आणि मग माणूस आपल्या घरच्या बोलीत मागू लागतो. मी तिथे आमच्या कोकणी बोलीतच रडलो.

इतिहासाचा विद्यार्थी

वरील प्रतिसादाला इतिहासाची एक बाजू जोडतो, कारण ती सहसा सांगितली जात नाही. अराफत हे मैदान हरमच्या, म्हणजे मक्केच्या पवित्र हद्दीच्या, बाहेर आहे. इस्लामपूर्व काळात इतर अरब टोळ्या हजसाठी तिथवर जात, पण कुरैश, म्हणजे मक्केची प्रमुख टोळी, जिच्यात पैगंबरांचा जन्म झाला, ते जात नसत. आपण काबाचे रखवालदार आहोत, आपण हरम सोडून सामान्यांबरोबर बाहेर का जावे, या अभिमानाने ते अराफतच्या अलीकडच्या, हरमच्या हद्दीतील मुजदलिफा या जागीच थांबत. बुखारीच्या हदीससंग्रहात (पैगंबरांची वचने व आठवणी यांच्या संग्रहात) जुबैर इब्न मुतइम यांची आठवण आहे: हरवलेला उंट शोधत ते अराफतला गेले, तेव्हा त्यांना मुहंमद (स.) तिथे लोकांमध्ये उभे दिसले, आणि हा तर कुरैशांपैकी, मग हा इथे कसा, असे आश्चर्य त्यांना वाटले. पुढे कुराणात स्पष्ट आज्ञाच आली की, जिथून सर्व लोक परततात, तिथूनच तुम्हीही परता (२:१९९). इ. स. ६३२ मधील निरोपाच्या, म्हणजे पैगंबरांच्या अखेरच्या, हजमध्येही पैगंबर मुजदलिफात थांबतील, अशी कुरैशांची खात्री होती. ते मात्र न थांबता पुढे अराफतकडे गेले.

त्या दिवशी उंटिणीवरून दिलेल्या प्रवचनात त्यांनी माणसाचे रक्त आणि माणसाची मालमत्ता त्या पवित्र दिवसाइतकीच अलंघ्य ठरवली. जुन्या खुनांचे सूड रद्द केले, ते आपल्याच घराण्यातील सुडापासून. व्याजाची येणी रद्द केली, ती आपले चुलते अब्बास यांच्यापासून. ज्याच्या हातात सोडून देण्यासारखे काही होते, त्याने ते आधी सोडले. दापोलीकरांनी सांगितलेला माणसांचा हक्क अराफतच्या प्रवचनातही असा अग्रभागी आहे.

सातारकर

दोघांचेही मनापासून आभार. काकूंचे गुडघे फार दुखतात आणि त्यांना मधुमेहही आहे. तिथे सर्व वेळ उभेच राहावे लागते का? आणि छायाचित्रांत लोक ज्या टेकडीवर दाटीवाटीने बसलेले दिसतात, ती चढावीच लागते का?

निवृत्त परिचारिका, पुणे

दोन्ही प्रश्नांचे उत्तर "नाही" असे आहे. बसून, पडून, चाकांच्या खुर्चीत, कसेही चालते. हद्दीच्या आत असणे महत्त्वाचे. रुग्णालयात दाखल असलेल्या हाजींना सौदी आरोग्य खाते रुग्णवाहिकांतून अराफतला नेऊन आणते, यावरून या दिवसाचे मोल ध्यानात यावे. ती टेकडी म्हणजे जबल-ए-रहमत. पैगंबर तिच्या पायथ्याशी थांबले होते आणि "मी इथे थांबलो, पण सगळे अराफत थांबण्याची जागा आहे" असे त्यांनी सांगितले होते. तरीही लोक भर उन्हात वर चढतात, याचे मला फार वाईट वाटते. २०२४ च्या हजमध्ये तीव्र उष्म्यात १३०१ माणसे दगावल्याचे सौदी सरकारने जाहीर केले, आणि त्यांतील बहुसंख्य नोंदणीविना आलेले, म्हणजे तंबूचा आसरा नसलेले होते. काकूंनी तंबूतच राहावे. बाहेर पडल्यास छत्री घ्यावी. एहरामात, म्हणजे त्या न शिवलेल्या चादरी नेसून हजचे नियम पाळण्याच्या काळात, पुरुषांना डोके झाकता येत नसले, तरी छत्री त्यांनाही चालते. अराफतच्या कडेला असलेल्या नमिरा मशिदीचा पुढचा भाग अराफतच्या हद्दीबाहेर येतो, त्यामुळे तिथे बसणाऱ्यांनी हद्दीच्या पाट्या पाहून घ्याव्यात.

आमच्या तंबूत मालेगावच्या एक वयस्कर बाई होत्या. त्यांच्याकडे शाळेची शंभर पानी वही होती आणि गल्लीतल्या प्रत्येक घराने त्यात आपापली मागणी लिहून दिली होती: कुणाच्या मुलीचे लग्न, कुणाच्या भावाची दारू सुटावी, कुणाचा यंत्रमाग पुन्हा सुरू व्हावा. त्यांना वाचता येत नव्हते, म्हणून मी एकेक ओळ वाचत होते आणि त्या हात पसरून ती मागत होत्या. स्वतःसाठी काही मागायला त्यांना असरनंतरच वेळ मिळाला.

एक महत्त्वाची गोष्ट मधुमेहामुळे सांगते. जे हजला गेलेले नाहीत, त्यांच्यासाठी ९ तारखेचा रोजा मोठ्या पुण्याचा आहे; पण अराफतला पैगंबरांनी स्वतः सर्वांदेखत दूध प्यायले होते, आणि हाजींनी त्या दिवशी रोजा न ठेवणेच योग्य मानले जाते. काकूंनी वेळेवर जेवावे, गोळ्या घ्याव्यात आणि सूर्यास्तानंतर मुजदलिफाला नेणाऱ्या बसची वाट पाहण्यासाठी थोडे बळ राखून ठेवावे, कारण ती वाट कधी कधी मध्यरात्रीपर्यंत पाहावी लागते.