नंदुरबारचे काँग्रेस नेते माणिकराव गावित लोकसभेवर गेले ते 1981 साली. त्या वर्षी निवडणूक कसली होती?

दोंडाईचाकर: कॉलेजात नंदुरबार मतदारसंघावर निबंध लिहायचा आहे. 1980 ला खासदार सुरूपसिंग नाईक, आणि 1981 पासून माणिकराव गावित. नाईक तर पुढे नवापूरचे आमदार म्हणून दिसतात. मधल्या वर्षात झालं तरी काय?

नवापूरकर गुरुजी: अदलाबदल झाली, बाळा. नाईक 1977 पासून दिल्लीत, आणि 1980 च्या विधानसभेला नवापूरमधून माणिकराव निवडून आलेले. नाईक राज्याच्या राजकारणात परतले, माणिकरावांनी आमदारकी सोडून लोकसभेची पोटनिवडणूक लढवली. ती जागा जी धरली, ती सलग नऊ निवडणुका सुटली नाही.

आता माझं स्पष्ट मत. सगळं श्रेय एकट्या माणसाला देऊ नकोस. 1977 ला देशभर काँग्रेसची धूळधाण झाली तेव्हाही नंदुरबारने पंजालाच निवडून दिलं होतं... चुकलो, तेव्हा चिन्ह गायवासरू होतं. म्हणजे जमीन आधीच तयार होती. पण 1996 ला राज्यातल्या 48 पैकी फक्त 15 जागा काँग्रेसला मिळाल्या, 1999 ला राष्ट्रवादी वेगळी झाली, तरी माणिकराव टिकले. ते त्यांचं स्वतःचं. तुझ्या निबंधात हे यायलाच हवं.

मी तेव्हा एका आश्रमशाळेत शिकवायचो. जून 2009 मध्ये नव्या लोकसभेचे हंगामी अध्यक्ष म्हणून ते आसनावर बसले. धुडीपाड्याचा माणूस देशभरच्या खासदारांना शपथ देतोय हे पोरांना सांगताना माझा गळा दाटून आला होता. आणि केंद्रात राज्यमंत्रिपद मात्र थेट 2004 ला, म्हणजे 23 वर्षांनी! याचं मला आजही वाईट वाटतं.

शहाद्याची लेक: गुरुजी, रागावू नका. 2014 ला माझं पहिलं मतदान, आणि मी माणिकरावांविरुद्ध उभ्या असलेल्या भाजपच्या डॉ. हीना गावितांना मत दिलं. तिशीच्या आतली, शिकलेली, आपल्याच भागातली मुलगी. नऊ वेळा एकच नाव म्हणजे आमच्या सातपुड्यातल्या पाड्यांचे रस्ते झाले असं नाही ना. बाळंतपणासाठी बाईला झोळीतून खाली आणलेलं मी पाहिलंय.

नवापूरकर गुरुजी: रागवायचं कशाला, ताई. झोळी मीही उचलली आहे. रस्त्याचं तुम्ही म्हणता ते खरंच आहे, दोंडाईचाकरने तेही लिहावं.

दोंडाईचाकर: गुरुजी, ताई, दोन्ही घेतो. नंदुरबार जिल्हा 1 जुलै 1998 ला झाला, म्हणजे पहिली सतरा वर्षं ते धुळे जिल्ह्याचेच खासदार, बरोबर ना?

नवापूरकर गुरुजी: बरोबर. तेव्हा जिल्ह्याच्या कामासाठी आम्हाला धुळ्याला जावं लागायचं. सकाळची एसटी चुकली की दिवस गेला.