विषय: जुनी टीटी घेतोय, वॉरंटीचे पावणेदोन लाख भरू का?

प्रेषक: संभाजीनगर (बीड बायपास)

मंडळी, नमस्कार.

अमेरिकेतून परत आल्यापासून मंडळाच्या ईमेल यादीवर नुसताच वाचत असतो, आज कामाचं विचारतोय.

मुंबईत वापरलेल्या गाड्यांच्या एका डीलरकडे २०१६ची ऑडी टीटी आहे. टू लिटर पेट्रोल, क्वात्रो (म्हणजे चारही चाकांना ताकद), ४१ हजार किलोमीटर, दुसरा मालक. रंग लाल. रंगाबद्दल घरात जे बोलणं झालं ते इथे लिहीत नाही.

भाव एकतीस लाखांवर आलाय. डीलर म्हणतो, वर पावणेदोन लाख भरा, दोन वर्षांची एक्स्टेंडेड वॉरंटी देतो, "इंजिन, गिअरबॉक्स सगळं कव्हर, सर." त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे दोन लाख साडेसहा हजार झाले. कंपनीची मूळ वॉरंटी केव्हाच संपलीय, ही कुठल्या तरी तिसऱ्याच कंपनीची आहे. शुक्रवारपर्यंत सांगा म्हणतोय, पुढे ऑफर नाही म्हणे.

धाकटा भाऊ म्हणतो, दीडशे मर्सिडीज एका दमात घेणारं गाव आपलं, आणि दादा, तू दोन लाखांवर अडून बसलास? मला धास्ती वेगळीच आहे. एवढे पैसे घालून गाडी पत्र्याच्या शेडखाली पार्टची वाट बघत उभी राहायची. काय करू?

प्रेषक: लातूर (औसा रोड)

बाळा, आधी तुझ्या भावाला सांग. २०१० साली औरंगाबादवाल्यांनी १५० मर्सिडीज घेतल्या, ६५ कोटींचा व्यवहार, खरंय. पण त्या नव्या कोऱ्या होत्या, दीडशे जण एकत्र बसून कंपनीशी बोलले, बँकेलाही व्याज खाली आणायला लावलं. तू एकटा, गाडी जुनी, आणि समोरचा शुक्रवारची मुदत घालतोय. त्यात अन् ह्यात काय साम्य आहे?

आता वॉरंटीचं. कशाला उगं त्या डीलरचं घर भरायलास? दोन लाख साडेसहा हजार बँकेत वेगळे ठेव. गाडी बिघडली की मोड. नाही बिघडली तर तुझेच आहेत, वर व्याज. एवढी साधी गोष्ट अमेरिकेत जाऊन आल्यावर अवघड होते का रे?

आणि ते दोन दारांचं बुटकं यंत्र आमच्याकडं आणू नकोस. औसा रोडच्या गतिरोधकावर पोट टेकून बसंल. काढायला मलाच माणसं बोलवावी लागतील.

प्रेषक: जालना (मुक्काम न्यू जर्सी)

काका, तुमचा हिशेब चुकीचा नाही, पण तो दोन वर्षं धीर धरणाऱ्या गाडीचा आहे. बिघाड तिसऱ्या महिन्यात आला आणि बिल पाच लाखांचं निघालं, तर बँकेतले दोन लाख दोनच लाख असतात. वॉरंटी घ्यायची ती अशा एका मोठ्या फटक्यासाठी. बारीकसारीक कामासाठी घेणारा फसतोच.

मी इथे जुनी स्पोर्ट्स कार चालवतो (कोणती ते सांगत नाही, वाद होतील). वॉरंटीवाल्यांनी माझा अख्खा गिअरबॉक्स बदलून दिला, भरलेल्या रकमेच्या दुप्पट काम झालं. पण माझ्याकडे ऑइल बदलल्याची एकूण एक पावती होती, आणि पाना लावायच्या आधी मी त्यांची लेखी परवानगी घेतली होती. माझ्या एका मित्राने घाईत आधी इंजिन उघडलं, मग फोन केला. त्यांनी एका ओळीत क्लेम नाकारला: तपासणीपूर्वी भाग सुटे केले.

हा धंदाही कसा आहे ते सांगतो. इथे "तुमच्या गाडीची वॉरंटी संपत आलीय" असे यांत्रिक आवाजातले फोन इतके माजले होते की २०२२ मध्ये सरकारच्या एफसीसीने (फोन कंपन्यांवर देखरेख करणारी संस्था) फोन कंपन्यांना ते अडवायचा आदेश काढला. ज्यांच्याकडे गाडीच नाही त्यांनाही यायचे. तेव्हा आधी कागद बघ. यादीवर टाक, सगळे मिळून वाचू.

प्रेषक: यादी व्यवस्थापन

कागदाचे फोटो यादीवर टाकू नयेत, लोकांचे मेलबॉक्स भरतात. मजकूर टाइप करून टाकावा. आणि दिवाळी अंकाची वर्गणी अजून निम्म्या जणांची यायची आहे.

प्रेषक: संभाजीनगर (बीड बायपास)

टाइप करतो बाबा.

पान चार, ठळक अक्षरात: "अचानक उद्भवलेला यांत्रिक किंवा विद्युत बिघाड." खाली यादी: इंजिनाचे आतले भाग, टर्बो, गिअरबॉक्स, त्याचं मेकॅट्रॉनिक (गिअर बदलणारं कंट्रोल युनिट), एसी कॉम्प्रेसर, ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर).

पान सहा, अक्षर इतकं बारीक की फोनने मोठं करून वाचलं. यात बसत नाही ते असं: नैसर्गिक झीज, क्लच, ब्रेक, शॉक अॅब्सॉर्बर, बॅटरी, रबरी होज, सील, गास्केट, "कोणत्याही द्रवाची गळती व तीमुळे झालेले पुढील नुकसान", "आवाज वा कंपन", देखभालीच्या अभावाने झालेला बिघाड, सॉफ्टवेअरमध्ये केलेला बदल.

पान सात: पहिले तीस दिवस क्लेम नाही. एका क्लेमला कमाल दोन लाख. टोइंग पन्नास किलोमीटरपर्यंत. काम फक्त पॅनेलवरच्या वर्कशॉपमध्ये: मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर.

प्रेषक: परभणी (मुक्काम श्टुटगार्ट)

जगात जर्मनी, भारतात परभणी. दोन्हीकडचा असल्यामुळे बोलायचा हक्क आहे.

दादा, पान सहा फार विचार करून लिहिलंय. या गाडीत नेमकं काय बिघडतं ते ओळीने सांगतो, ताळा तुम्ही जमवा.

तुमच्या टीटीचं इंजिन ईए-८८८, तिसरी पिढी. गाडी एमक्यूबी प्लॅटफॉर्मवरची, म्हणजे फोक्सवॅगन गटाच्या बऱ्याच गाड्यांचा सामाईक सांगाडा. हेच कुळ शेंद्र्याच्या प्लांटमध्ये जुळणी झालेल्या त्या काळातल्या स्कोडा ऑक्टाव्हियाचं, १.८ टीएसआयमध्ये हीच इंजिनाची पिढी होती. म्हणजे चिकलठाणा-शेंद्र्याच्या पट्ट्यात हे इंजिन उघडून पाहिलेला मेकॅनिक तुम्हाला चहा प्यायला थांबलात तरी भेटेल. पत्र्याच्या शेडची धास्ती निम्मी इथेच कमी करा.

या इंजिनाचं दुखणं म्हणजे वॉटर पंप आणि थर्मोस्टॅटचं प्लास्टिकचं हाउसिंग. गरम-थंड होऊन होऊन त्यातून कूलंट पाझरायला लागतं. आपल्या मे महिन्यात तर लवकरच. लक्ष नसेल तर इंजिन तापतं आणि हेड गास्केट जातं. आता पान सहा परत वाचा. गळती नाही, गळतीमुळे झालेलं पुढचं नुकसानही नाही. म्हणजे या इंजिनाला ज्या वाटेने मोठा खर्च यायची शक्यता जास्त, ती वाटच बंद करून ठेवलीय.

दुसरं, क्वात्रो. या गाडीत मागच्या चाकांना ताकद हाल्डेक्स कपलिंगमधून जाते. त्याच्या छोट्या इलेक्ट्रिक पंपाला बारीक जाळी असते. नेहमीच्या सर्व्हिसमध्ये ऑइल बदलतात, जाळी कोणी काढून धूत नाही. क्लचची भुकटी तिथे साठते, पंप जळतो, गाडी गुपचूप पुढच्या दोन चाकांवर चालायला लागते आणि मालकाला पत्ताही नसतो. क्लेम केलात तर उत्तर तयार आहे: देखभालीचा अभाव. जाळी धुवायचा खर्च पंपाच्या मानाने काहीच नाही.

तिसरं, गिअरबॉक्स. डीएसजीचं, म्हणजे या दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं, नाव काढलं की लोक घाबरतात. आपल्याकडे ज्याच्या तक्रारी जास्त गाजल्या तो सात गिअरचा, कोरड्या क्लचचा. तुमचा सहा गिअरचा, तेलात बुडालेल्या क्लचचा, दणकट आहे. त्याचं ऑइल आणि फिल्टर ६० हजार किलोमीटरला बदलायचं असतं. तुमची गाडी तिथवर पोचली नसली तरी वय बघता आत्ताच बदलून घ्या.

मग राहिलं काय? टर्बो आणि मेकॅट्रॉनिक. हे दोन खरंच कव्हर आहेत आणि खरंच महाग आहेत. म्हणून जालन्याच्या दादांचा मुद्दा मी उडवून लावत नाही. पण दोन लाख साडेसहा हजार भरून एका क्लेमला जास्तीत जास्त दोन लाख, त्यातही गाडी पुण्याला न्यायची म्हटली तर अंतर सव्वादोनशेच्या वर, आणि टोइंग पन्नास किलोमीटरचं. म्हणजे ते तुम्हाला नगरच्या अलीकडेच सोडून देणार.

पैसे घालायचेच तर आधीच्या तपासणीत घाला. डीलरच्या नाही, तुमच्या माणसाकडून. स्कॅनर लावून प्रत्येक कंट्रोल युनिटमधले किलोमीटर बघायला सांगा, मीटर फिरवलेला असेल तर कुठे तरी जुना आकडा सापडू शकतो. ईसीयूचं सॉफ्टवेअर बदललंय का ते बघा. आधीच्या मालकाने रीमॅप केलं असेल तर ही वॉरंटी पहिल्या दिवसापासून रद्दीच. चारही टायरवरचा चार आकडी शिक्का वाचा: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन साल. टायर वेगवेगळ्या वयाचे आणि झिजेचे असतील तर हाल्डेक्सवर उगाच ताण येतो.

टीटी २०२३च्या नोव्हेंबरात बंद झाली, शेवटची हंगेरीतल्या ग्यॉरच्या कारखान्यातून निघाली. यांत्रिक भाग इतर गाड्यांशी सामाईक आहेत, त्यांची फार चिंता नको. दिवे, बंपर, काचा मात्र जपा. ते तिचे एकटीचे आहेत.

प्रेषक: नांदेड (मुक्काम लंडन)

भावजी, गाडीतलं मला काही कळत नाही, कागदातलं कळतं. लग्नाआधी औरंगाबाद खंडपीठात काम केलंय.

ही वॉरंटी कोण देतंय? डीलर, की ती तिसरी कंपनी, की मागे एखादी विमा कंपनी आहे? पान एकवर नुसतं नाव आणि लोगो असेल, विमा कंपनीचा उल्लेख नसेल, तर उद्या त्या कंपनीने शटर ओढलं की तुमच्या हातात फक्त कागद राहील.

"सगळं कव्हर" हे डीलर तोंडाने म्हणाला ना? त्याला ईमेल करा: आपण असं म्हणालात, कृपया दुजोरा द्या. दुजोरा आला तर उत्तम पुरावा. नाही आला तर उत्तर मिळालंच.

भाऊ गाडी फर्मच्या नावावर घ्यायला सांगत असेल, डेप्रिसिएशन मिळतं म्हणून. सीएला विचारून ठरवा, पण २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी कारणासाठी घेतलेल्या वस्तूचा ग्राहक बसत नाही. फर्मचं नाव आलं की समोरचा वकील पहिला मुद्दा तोच काढणार. स्वतःच्या नावावर घेतलीत तर दिलेली रक्कम ५० लाखांच्या आत असल्याने जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं, आणि तुम्ही जिथे राहता तिथेच दावा लावता येतो. मुंबईच्या डीलरसाठी मुंबईला खेटे घालायची गरज नाही. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत. नुसतं विचारायचं असेल तर ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ला फोन लागतो.

इकडे ब्रिटनमध्ये डीलरकडून घेतलेली गाडी सदोष निघाली तर २०१५च्या कायद्याने ३० दिवसांत परत करता येते. आपल्याकडे तसा बांधील मुदतीचा हक्क नाही. म्हणून पैसे तपासणीनंतर, आणि टोकन दिलंत तर पावतीवर "तपासणी समाधानकारक न झाल्यास परत" हे शब्द हवेत.

प्रेषक: लातूर (औसा रोड)

परभणीकर, उत्तम लिहिलंत. नांदेडच्या सूनबाईंनीही. मी एका ओळीत सांगितलं तेच तुम्ही दोघांनी दोन पानांत सांगितलं.

एक राहिलं. गाडी मुंबईची आहे. पावसाच्या पाण्यात उभी राहिली होती का ते बघा, गालिचा उचलून, सीटच्या खालच्या पट्ट्या गंजल्यात का ते. इकडं सप्टेंबर २०२५मध्ये मांजरा नदीनं जे केलं ते सगळ्यांनी पाहिलंय. पाणी शिरून इंजिन गेलं तर ते वॉरंटीत बसत नाही, साध्या विम्यातही बसत नाही. त्याला इंजिन प्रोटेक्ट वेगळं घ्यावं लागतं. तिथं मात्र कंजूषी करू नको.

प्रेषक: संभाजीनगर (बीड बायपास)

मंडळी, वॉरंटी घेत नाही.

डीलरला वहिनींनी सांगितली तशी ईमेल केली. उत्तर आलं नाही, फोन आला. "सर, सगळं म्हणजे सगळं नसतं ना." मग मी म्हटलं, वॉरंटी नको, त्याऐवजी गाडी देण्याआधी डीएसजीचं ऑइल आणि फिल्टर बदला, हाल्डेक्सचा पंप काढून जाळी धुवा, थर्मोस्टॅट हाउसिंग नवीन टाका, बिलं माझ्या नावाची द्या. पहिल्या दोन कामांना तो तयार झाला. हाउसिंगचे पैसे मी देणार. शुक्रवार उलटून गेला, ऑफर काही कुठे गेली नाही.

ठरलेल्या रकमेतले दोन लाख काकांनी सांगितलं तसे वेगळे ठेवलेत. जालन्याच्या दादा, ते टर्बोसाठीच आहेत असं समजा. पाच लाखांचं बिल आलं तर वरचे तीन मी सोसणार, हे मान्य करूनच गाडी घेतोय. गाडी माझ्या नावावर राहील. भाऊ रुसलाय.

शनिवारी चिकलठाण्याचा मेकॅनिक सोबत घेऊन मुंबईला तपासणीला निघतोय. सगळं बरोबर निघालं तर मालकी बदलाच्या फॉर्म २९-३०वर सह्या करून येताना समृद्धीने येईन. काका, १२०च्या आतच. ज्याला परतीला सोबत यायचंय त्याने कळवा, जागा एकच आहे. मागे दोन सीट दाखवल्यात खऱ्या, पण मेकॅनिक म्हणतो तिथे फक्त त्याची हत्यारांची पेटी मावेल, त्यामुळे तो रेल्वेने परत येतोय.