मदत हवी आहे : मुंबई–हीथ्रो थेट विमानाला हिवाळ्यात प्रत्यक्ष किती वेळ लागतो?

डिसेंबरमध्ये माझे आईवडील मुंबईहून लंडनच्या हीथ्रो विमानतळावर एका भारतीय कंपनीच्या थेट विमानाने जाणार आहेत. ते तिकीट आधीच काढलेले असल्यामुळे पुढचे एडिंबराचे तिकीट स्वतंत्र पीएनआरवर घ्यावे लागेल, आणि पहिल्या विमानाला उशीर झाला तर दुसरी कंपनी जबाबदारी घेणार नाही, हे गृहीत धरले आहे.

अंतर मोजणारी संकेतस्थळे सुमारे ७,२०० किलोमीटर हे पृथ्वीच्या गोलाईवरचे सर्वांत कमी अंतर घेतात, त्याला ताशी ९०० किलोमीटरने भागतात आणि आठ तास असे उत्तर देऊन मोकळी होतात. ते उत्तर माझ्या उपयोगाचे नाही, कारण पश्चिमेकडे जाताना हिवाळ्यातला जोरदार जेट प्रवाह (खूप उंचावरचा वेगवान वारा) समोरून येतो, एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानची हवाई हद्द भारतीय विमानांना बंद झाल्याने वळसा पडतो, आणि हीथ्रोवर उतरण्यापूर्वी आकाशात घिरट्या घालाव्या लागतात त्या वेगळ्याच. वेळापत्रक मी पाहिले आहे. साडेपाच तासांचा वेळेतील फरकही हिशेबात धरला आहे.

वडिलांना व्हीलचेअर लागते, दोन मोठ्या बॅगा आहेत, आणि हीथ्रोला इमिग्रेशन करून, सामान घेऊन ते पुन्हा द्यावे लागेल. लंडनला मुक्काम करणे शक्य नाही.

अलीकडच्या हिवाळ्यात हा प्रवास केलेल्यांना मुंबईत विमानाचे दार बंद झाल्यापासून हीथ्रोला ते उघडेपर्यंत प्रत्यक्ष किती तास लागले, आणि वरील परिस्थितीत दोन विमानांमध्ये किमान किती तासांचे अंतर ठेवावे?