सही करायच्या आधी

ताई, तुमच्या आईंना विद्यापीठाच्या रुग्णालयात कर्करोगाच्या ट्रायलमध्ये, म्हणजे उपचाराच्या चाचणीत, घ्यायचं म्हणतात, आणि तुमच्या प्रश्नाखाली कुणीतरी "त्यांचा प्रयोगाचा उंदीर करतील" असं लिहिलंय, म्हणून हे लिहितोय. अशा ट्रायलमध्ये नवा उपचार न मिळणाऱ्या गटाला सहसा नेहमीचे उपचार मिळतातच. टाटा मेमोरियलच्या चाचणीत स्तनाच्या कर्करोगाच्या १,६०० बायका होत्या. निम्म्यांना शस्त्रक्रियेच्या काही मिनिटं आधी गाठीभोवती लिडोकेनचं, म्हणजे साध्या भुलीचं इंजेक्शन दिलं. बाकीच्यांची नेहमीसारखी शस्त्रक्रिया झाली. इंजेक्शनवाल्या गटात आजार उलटण्याचं प्रमाण कमी निघालं. एवढ्या जणी हो म्हणाल्या म्हणून हे कळलं.

पण घाईत सही नको. माहितीपत्रक मराठीतूनच मागा, घरी आणून वाचा. ट्रायलमुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाई कोण देणार, हे त्यात असायलाच हवं; ट्रायलच्या २०१९ च्या सरकारी नियमांत तसं आहे. सही केलेल्या संमतिपत्राची प्रतही हातात पडली पाहिजे. सीटीआरआय, म्हणजे देशातल्या ट्रायलच्या सरकारी नोंदवहीतला क्रमांक विचारून तिच्या साइटवर तपासा. आई मधेच नको म्हणाल्या तरी नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत. यातलं काही सांगायला टाळाटाळ झाली, तर मी माझ्या आईला सही करू देणार नाही.