मदत हवी आहे: १९ महिन्यांच्या मुलीच्या दातांवर पांढरी रेघ

परवा लेकीचा वरचा ओठ उचलून पाहिला, तर पुढच्या दोन दातांवर हिरडीलगत खडूसारखी पांढरी रेघ. पुसून जात नाही. दातांच्या डॉक्टर म्हणाल्या, किडीची सुरुवात आहे, खड्डा पडलेला नाही, फ्लोराइडने थांबू शकते. पुढच्या आठवड्यात वार्निश (दातांवर लावायचा फ्लोराइडचा लेप) लावायचंय.

चूक कळतेय. रात्री दुधाची बाटली तोंडात घेऊनच झोपते. झोपेत लाळ कमी, आणि स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्ससारखे जिवाणू दुधातल्या साखरेचं आम्ल करत बसतात. हे जिवाणू मोठ्यांच्या लाळेतूनही बाळाकडे जातात. माझ्या दोन दाढा किडलेल्या, आणि तिचा घास मी चाखून बघायचे! (दाढा आधी भरून घेतेय.)

अडचण अशी, की बाटलीत नुसतं पाणी दिलं तर तासभर रडारड. दूध रोज थोडं पातळ करत नेलं तर जमतं, की एकदम बंदच करावं? शिवाय तांदळाच्या दाण्याएवढी फ्लोराइड पेस्ट ती थुंकत नाही, गिळते. तेवढी चालते असं डॉक्टर सांगतात, पण सासूबाईंना कसं पटवू?

"दुधाचेच दात, पडणारच आहेत" हे घरी रोज ऐकतेय, ते सोडून काहीही सांगा.