जेनचं पत्र

शार्लट ब्राँटेच्या 'जेन एअर' कादंबरीच्या नायिकेबद्दल एक आक्षेप असतो: 'काकाचे वीस हजार पौंड आयते पदरात पडले, मग जेन एअर कसली स्वावलंबी?' हा मुद्दा मला अर्धाच पटतो. रक्कम आयती हे खरंच, पण ती मिळण्यामागे तिनेच लिहिलेलं एक पत्र आहे, ते कुणी लक्षात घेतलेलं दिसत नाही. जेन ज्याच्या घरी शिक्षिका असते त्या रॉचेस्टरशी तिचं लग्न ठरतं, तेव्हा तो तिला मिलकोट गावात रेशमाच्या दुकानात नेतो, भडक जांभळं आणि गुलाबी कापड निवडतो. ती हुज्जत घालून साधं काळं सॅटिन आणि मोतिया राखाडी रेशीम घ्यायला लावते. त्याच्या पैशांनी बाहुलीसारखं सजणं तिला अगदी जिवावर येतं. स्वतःचं थोडंतरी काही असावं म्हणून त्याच दिवशी ती मदिरा बेटावरच्या काकाला पत्र लिहायचं ठरवते. वर रॉचेस्टरला ठणकावते की लग्नानंतरही आदेलला, म्हणजे त्याने सांभाळलेल्या मुलीला, शिकवीन आणि वर्षाचे तीस पौंड घेईन!

आता गंमत बघा. ते पत्र पोचतं तेव्हा मेसन, म्हणजे रॉचेस्टरच्या हयात असलेल्या, लपवून ठेवलेल्या पहिल्या बायकोचा भाऊ, नेमका काकाकडे असतो, आणि त्यातूनच पुढे भर चर्चमध्ये लग्न मोडतं. म्हणजे चार पैसे स्वतःचे हवेत या हट्टानेच ती फसवणुकीतून वाचते. पुढे वारसा मिळाल्यावर त्याचे चार समान वाटे करून तीन आतेभावंडांना पाच-पाच हजार देते, तेही त्यांच्यातलाच सेंट जॉन 'नीट विचार कर' म्हणत असताना. कादंबरी १८४७ची. इंग्लंडमध्ये विवाहितेला स्वतःच्या मालमत्तेवर पूर्ण हक्क देणारा कायदा आला १८८२ साली.